बायबलमधलं स्वप्न वाचायचं कसं

अभ्यासवर्गात स्वप्नाचा उतारा आला की पहिले प्रश्न ठरलेले असतात: गाय म्हणजे काय? सात म्हणजे काय? झाड कशाची खूण? इथेच वाट चुकते. बायबलमधल्या बहुतेक स्वप्नांचा अर्थ त्याच गोष्टीत दिलेला असतो, कधी चार ओव्यांनंतर, कधी चार अध्यायांनंतर. तो हाताला लागावा म्हणून ही रीत.

बायबलच्या दोन वेगवेगळ्या मराठी आवृत्त्या, एक वही आणि पेन्सिल घ्या. एका उताऱ्याला दीड तास ठेवा. वहीचं पान आडवं धरून पाच रकाने आखा: (१) कोणाला, कुठे, केव्हा; (२) काय दिसलं; (३) काय ऐकू आलं; (४) अर्थ कोणी सांगितला; (५) पुढे काय घडलं. चौथा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. तो स्वतःच्या मनाने भरला की पुढचं सगळं बिघडतं.

रकाने भरण्याआधी शब्द नीट पाहा, कारण मराठी वाचकाची इथे खास अडचण होते. ‘देवाने दृष्टांत दिला’ म्हटलं की आपल्याला स्वप्नच आठवतं. भक्ताच्या स्वप्नात विठोबा येतो, त्या गोष्टींवर आपण वाढलेलो असतो. दृष्टांत म्हणजे उदाहरण, हाही अर्थ आहेच. प्रचलित मराठी बायबलमध्ये मात्र येशूच्या बोधकथेला ‘दाखला’ म्हणतात, आणि देवाने घडवलेल्या दर्शनाला ‘दृष्टांत’. त्यासाठी झोपेत असावं लागत नाही. कर्नेल्य या रोमी सैन्याधिकाऱ्याला तो कैसरीया शहरात दुपारी तीनच्या सुमारास झाला. येशूचा शिष्य पेत्र याला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला, यापोतल्या एका घराच्या धाब्यावर, पोटात भूक असताना. दानीएल ७:१ (अध्याय ७, ओवी १) मध्ये स्वप्न आणि दृष्टांत दोन्ही एकत्र येतात, तेव्हा सीमारेषा फार ताणू नका. पण उताऱ्यात कोणता शब्द आहे ते टिपून ठेवा.

आता बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, ४० वा अध्याय उघडा. सरावाला याच्याइतका चांगला उतारा नाही. तुरुंगात एकाच रात्री दोन स्वप्नं पडतात. प्यालेबरदाराला तीन फाट्यांचा द्राक्षवेल दिसतो. कळ्या, फुलं, पिकलेले घोस, आणि तो स्वतः द्राक्षं पिळून प्याला फारोच्या, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाच्या, हातात देतो. आचाऱ्याच्या डोक्यावर तीन टोपल्या आहेत. वरच्या टोपलीत फारोसाठी केलेले पदार्थ आहेत आणि ते पाखरं खाताहेत. दोन्हीकडे तीन म्हणजे तीन दिवस. दोघांनाही त्यांच्याबरोबर कैदेत असलेला योसेफ सांगतो की फारो तुझं डोकं वर उचलील. मूळ हिब्रूत शब्दप्रयोग तोच आहे, आचाऱ्याच्या वेळी फक्त ‘धडावरून’ एवढी भर पडते. एकजण कामावर परततो, दुसऱ्याला फाशी. आकडा तोच आणि शब्दही तेच असताना शेवट उलटा का, हे स्वप्नातल्या क्रियापदांत दिसतं: एकाचा प्याला धन्याच्या हातात पोचतो, दुसऱ्याचं अन्न पोचतच नाही. म्हणून चिन्हांची यादी करण्याआधी क्रियापदं अधोरेखित करा.

लगेच ४१ वा अध्याय घ्या. इथे सात गायी म्हणजे सात वर्षं. शेजारच्या अध्यायात आकडा दिवस मोजत होता, इथे वर्षं मोजतो. ‘बायबलमध्ये अमुक आकड्याचा अर्थ अमुक’ अशा तयार याद्यांवर विसंबू नये ते यासाठीच. याच अध्यायात आणखी एक काम करा: निवेदकाने सांगितलेलं स्वप्न (ओव्या १ ते ७) आणि फारोने स्वतः सांगितलेलं (१७ ते २४) शेजारी-शेजारी ठेवा. फारो भर घालतो: इतक्या वाईट गायी मिसरात कधी पाहिल्या नाहीत, आणि धष्टपुष्ट गायी गिळूनही त्या तशाच रोडक्या दिसत होत्या. त्याची भीती त्या भरीत आहे. कर्नेल्याचा दृष्टांत तर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात चारदा सांगितला जातो. तिथेही हीच तुलना करा.

उतारा कुठे संपवायचा, यात सर्वांत जास्त चुका होतात. योसेफाचं पेंढ्यांचं स्वप्न (भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीला नमन करतात) ३७ व्या अध्यायात संपत नाही, ते ४२:६ ला, भाऊ त्याच्यापुढे जमिनीपर्यंत वाकतात तिथे पोचतं. स्वप्न पडलं तेव्हा योसेफ सतरा वर्षांचा होता. फारोपुढे उभा राहिला तिसाव्या वर्षी, मग सुबत्तेची सात वर्षं. म्हणजे मध्ये किमान वीस वर्षं गेली. त्याच्या दुसऱ्या स्वप्नात सूर्य, चंद्र आणि तारे त्याला नमन करतात; त्यातल्या चंद्राला आई मानाल, तर त्याची आई राहेल ३५ व्या अध्यायातच वारलेली आहे. असा सांधा जुळत नसेल तर ओढूनताणून जुळवू नका, वहीत प्रश्नचिन्ह टाका.

मत्तयाच्या शुभवर्तमानात ही सगळी हत्यारं बाजूला ठेवा. पहिल्या दोन अध्यायांत पाच स्वप्नं आहेत, चार योसेफाला (हा वेगळा योसेफ, मरियेचा पती) आणि एक मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, आणि एकातही उलगडायचं चिन्ह नाही. मरियेचा स्वीकार कर, मिसरात पळ, परत ये. तिथे तिसऱ्या आणि पाचव्या रकान्यांतलं अंतर मोजा: आज्ञा होते आणि योसेफ रात्रीच बाळाला व आईला घेऊन निघतो.

वर्गात कोणी स्वतःचं स्वप्न ‘देवाने सांगितलं’ म्हणून मांडलं, तर घाईने होकार देऊ नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात कसोटी आहे: खूण खरी ठरली तरी ती दुसऱ्या देवामागे नेत असेल तर ऐकायचं नाही. यिर्मया २३ मध्ये स्वप्न आणि देवाचं वचन यांची तुलना भुसा आणि गहू अशी येते. त्रोवस शहरात प्रेषित पौलाला दृष्टांतात मासेदोनिया प्रांताचा माणूस दिसला, तेव्हा निष्कर्ष त्याच्या एकट्याचा नव्हता. प्रेषितांची कृत्ये १६:१० मध्ये क्रियापद ‘आम्ही’चं आहे. दुसऱ्याचं लग्न, नोकरी, पैसा यांबद्दल कोणी स्वप्नाच्या आधारे हुकूम देत असेल, तर वडीलधाऱ्यांसमोर बसून बोलल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. आणि भयंकर स्वप्नांनी कोणाची रोज झोप मोडत असेल, तर त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करा आणि तिला डॉक्टरकडेही न्या.

पाठांचा क्रम असा ठेवा: उत्पत्ती ४० आणि ४१, मग मत्तय १ आणि २, मग प्रेषितांची कृत्ये १० आणि ११, मग दानीएल २. दानीएल ७ अगदी शेवटी. राजांची स्वप्नं उलगडणारा दानीएल तिथे स्वतःच्या स्वप्नाने घाबरतो, आणि जवळ उभ्या असलेल्यांपैकी एकाकडे जाऊन त्याचा अर्थ विचारतो.