अस्वलांच्या मुलखात शिकारीला जाताना पिस्तूल कसं निवडावं

एल्क (सांबरासारखं मोठं हरिण) पडला की खरं काम सुरू होतं. तीनशे किलोच्या आसपासचं जनावर. कातडं सोलायचं, पाय सांध्यातून सोडवायचे, पाठीवरचं मांस काढून कापडी पिशव्यांत भरायचं. दोघं असली तरी दोन-तीन तास सहज जातात. हात कोपरापर्यंत रक्ताने चिकट झालेले, नजर सुरीच्या टोकावर, आणि रायफल दहा पावलांवर झाडाला टेकवलेली. रक्ताचा वास एव्हाना वाऱ्याबरोबर दरीपार गेलेला असतो. अमेरिकेतल्या मोंटाना, वायोमिंग, अलास्का इथे शिकाऱ्याची आणि ग्रिझलीची (मोठ्या तपकिरी अस्वलाची) गाठ पुष्कळदा याच तासांत पडते. धनुष्यबाणवाल्यांचा धोका तर आधीच सुरू झालेला असतो. ते एल्कचा आवाज काढून नराला बोलावत असतात, आणि तो आवाज अस्वलालाही ऐकू जातो.

रायफल हाताशी नसते त्या दोन-तीन सेकंदांसाठी अंगावर पिस्तूल असतं. मी मोंटानात बारा वर्षं शिकारीला जाते आहे, आणि पहिली तीन वर्षं मी चुकीचं हत्यार बाळगलं. म्हणून हे तपशिलात लिहिते आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हे अमेरिकेत राहून, परवाना काढून रानात जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी.

पायरी १: आधी कागद

आपल्यातले बरेच जण एच-१बी किंवा तशाच व्हिसावर आहेत. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. पण राज्याराज्यांचे नियम वेगळे, आणि इथे चूक झाली तर प्रकरण थेट व्हिसावर येतं. दुकानात जाण्याआधी वकिलाला एकदा विचारा. ते पैसे वाया जात नाहीत.

दुकानातून हँडगन (म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि ती आपण राहतो त्याच राज्यातून घ्यावी लागते. धनुष्यबाणाच्या हंगामात अंगावर पिस्तूल चालतं का, हे त्या राज्याच्या शिकार खात्याच्या पुस्तिकेत बघा.

अलास्काला गाडीने जायचा बेत असेल तर रस्ता कॅनडातून जातो, आणि जंगली जनावरांपासून संरक्षणासाठी म्हणून हँडगन कॅनडात नेता येत नाही. विमानाने जाताना ती रिकामी करून, कुलूपबंद कडक पेटीत घालून, काउंटरवर सांगून चेक-इन सामानात द्यायची.

पायरी २: समोर कोण येऊ शकतं?

दुकानदाराने काहीही सुचवलं तरी हा प्रश्न पहिला. पेनसिल्वेनियात किंवा उत्तर कॅरोलिनात काळं अस्वल असतं, टेक्सासात रानडुकरं, पश्चिमेच्या डोंगरांत प्यूमा (डोंगरी सिंह). यांच्यासाठी .३५७ मॅग्नम (आकडा साधारण गोळीच्या इंचातल्या व्यासाचा, मॅग्नम म्हणजे जादा ताकदीचं काडतूस) पुरेसं आहे आणि चालवायला सोपं. ग्रिझलीची हद्द सुरू झाली की हिशेब बदलतो. तिथे जाड चरबी, ओले दाट केस, खांद्याचे भक्कम स्नायू आणि जाड हाडं भेदून गोळीला आत खोलवर जायचं असतं. अलास्कात मूसही (एल्कहून मोठं हरिण) विसरू नका. पिल्लासोबतची मादी अस्वलाइतकीच वाईट.

पायरी ३: काडतूस, आणि त्याहून महत्त्वाची गोळी

पहिली गोष्ट मनात पक्की करा: कुठलीही हँडगन रायफलची जागा घेत नाही. .३०-०६ रायफलची गोळी साधारण ३९०० जूल ऊर्जा घेऊन निघते. .४४ मॅग्नमची साधारण १३००, आणि १० एमएमची ९०० च्या आसपास. म्हणजे धक्क्याने जनावर कोलमडेल ही आशा सोडायची. गोळी खोल जाऊन मेंदू, मणका किंवा खांद्याचं हाड गाठते तेव्हाच काम होतं.

म्हणून माणसांपासून बचावासाठी दुकानात ठेवलेल्या, आत शिरताच फुलणाऱ्या पोकळ टोकाच्या गोळ्या इथे नकोत. त्या फुलतात आणि तिथेच अडकतात. इथे लागते कडक ओतीव शिशाची, चपट्या तोंडाची, वजनदार गोळी. ती फुलत नाही, सरळ जाते. मात्र काही पिस्तुलांच्या पुस्तिकेत आवरण नसलेली शिशाची गोळी चालवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण शिसं नळीत साचत जातं. तसं असेल तर तांब्याचं आवरण असलेली चपट्या तोंडाची किंवा अख्ख्या तांब्याची गोळी घ्या.

२०१६ मध्ये अलास्कातल्या एका जुन्या गाईडने अशाच कडक शिशाच्या गोळ्या भरलेल्या साध्या ९ एमएम पिस्तुलाने चालून आलेलं तपकिरी अस्वल मारलं. त्यावरून ९ एमएम पुरतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्या हातामागे आयुष्यभराची सवय होती. पण गोळीची जात आणि नेम या दोन गोष्टी आकड्यापेक्षा मोठ्या, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

.४५४ कॅसुल, .४६० आणि .५०० मॅग्नम ही नावं ऐकून भुलायला होतं. त्यातली .५०० ची रिव्हॉल्व्हर दीड-दोन किलोंपर्यंत जाते, आणि हाताला धक्का असा की बहुतेकांची दुसरी गोळी कुठे जाते हे देवालाच ठाऊक. माझ्या मते सामान्य शिकाऱ्याने .४४ मॅग्नम किंवा १० एमएम यांच्या पुढे जाऊ नये.

पायरी ४: रिव्हॉल्व्हर की मॅगझिनवालं पिस्तूल?

रिव्हॉल्व्हर, म्हणजे जिच्या फिरत्या घरांत काडतुसं बसतात ती, साधी असते. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. अस्वल अंगावर असताना नळी त्याच्या केसांत रुतवून झाडली तरी चालते. पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) अशा वेळी मागे ढकलली जाऊन ते अडू शकतं. पण रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहाच गोळ्या, आणि घोडा (मागची हातोडी) न चढवता नुसता चाप ओढायचा तर तो जड लागतो. दर वेळी अंगठ्याने घोडा चढवावा लागतो ती सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर या कामाला घेऊ नका. तेवढी सवड मिळत नाही.

१० एमएमचं पिस्तूल चपटं, धक्का सोसवणारा. ग्लॉक २० च्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या बसतात आणि भरल्यावर वजन सव्वा किलोच्या आत राहतं. अलास्कात आज ते जागोजागी दिसतं. त्याची अडचण एकच, मूठ जाड आहे. माझ्या हातात ती नीट बसत नाही, चापापर्यंत बोट पोचवायला पकड फिरवावी लागते. माझ्याएवढ्याच हाताच्या बायकांनी, आणि पुरुषांनीही, विकत घेण्याआधी हे तपासलंच पाहिजे.

पायरी ५: भाड्याने घेऊन झाडून बघा

माझी चूक इथे झाली. मी हलक्या मिश्रधातूची .४४ मॅग्नम घेतली. वजन जेमतेम सातशे ग्रॅम, डोंगर चढताना अंगावर आहे हे जाणवतही नसे. दुकानात हातात छान बसली. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या गोळीला अंगठ्याच्या बेचक्यात चटका बसला, तिसरीला तिथली कातडी फाटली, आणि चौथीला मी चाप ओढण्याआधीच डोळे मिटले. मग मी सराव करणंच टाळायला लागले. तीन हंगाम ती कमरेला लटकत राहिली, आणि तिने मी धड नेम धरू शकत नाही हे मला पूर्ण ठाऊक होतं.

तुमच्या हाताचं काय होतंय हे कळायला एक साधी युक्ती आहे. रिव्हॉल्व्हर सोबत्याला भरायला द्या. त्याने काही घरांत खरी काडतुसं घालायची, काहींत वापरलेली रिकामी, आणि तुम्हाला सांगायचं नाही. नळी सतत निशाणाकडे ठेवून एकेक चाप ओढा. रिकाम्या काडतुसावर नुसता ‘टक’ आवाज होईल, आणि त्या क्षणी नळी खाली झुकली तर धक्क्याच्या भीतीने तुम्ही आधीच हात आवळताय. माझी नळी चांगली बोटभर खाली गेली होती. हे लपवता येत नाही.

बऱ्याच रेंजवर हत्यारं भाड्याने मिळतात. दोन-तीन प्रकार घ्या, प्रत्येकाने रानात वापरणार त्याच ताकदीच्या पन्नास तरी गोळ्या झाडा. कानात बोळे आणि वर कर्णरक्षक, दोन्ही लावा. पन्नासावी गोळी पहिलीच्या जवळ पडली तर ते हत्यार तुमचं. मी शेवटी चार इंची नळीची पोलादी .४४ घेतली. सव्वा किलोच्या आसपास वजन आहे. चढावर जाणवतं, पण हाताला सोसतं आणि गोळी जायची तिथे जाते.

पायरी ६: ते अंगावर कुठे राहणार?

२०१८ च्या सप्टेंबरात वायोमिंगच्या टीटन भागात एक गाईड आणि त्याच्यासोबतचा शिकारी मारलेल्या एल्कचं मांस कापत होते. ग्रिझली धावून आलं. पिस्तूल जवळच ठेवलेल्या सामानाजवळ होतं. शिकारी तिथपर्यंत पोचला, पण त्याला ते झाडता आलं नाही. त्याने ते गाईडकडे फेकलं, ते मध्येच पडलं. गाईड गेला.

हे वाचल्यापासून माझा नियम आहे: मांस कापताना जॅकेट निघेल, सॅक निघेल, पिस्तूल निघणार नाही. आणि सोबत्याला माझं हत्यार कसं चालतं, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) काडतूस आहे की नाही, सेफ्टी (हत्यार अडवून ठेवणारी कळ) कुठे आहे, हे निघण्याआधी घरीच दाखवून ठेवते. रिकामं करून त्याच्या हातात देते.

कमरेचं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) दुकानात बरं दिसतं, पण मोठ्या सॅकचा कमरपट्टा नेमका त्याच जागी येतो. त्यावर जॅकेट आलं की मूठ सापडत नाही. अलास्कात छातीवर तिरकं बसणारं होल्स्टर रूढ झालं ते याचमुळे. सॅक घाला, काढा, नदीत कंबरभर उतरा, ते जागचं हलत नाही. दुर्बीण छातीवर बांधत असाल तर दोन्हींची टक्कर होते. घरी पूर्ण वेश चढवून, दुर्बिणीची पिशवी वर आणि होल्स्टर तिच्याखाली असं जुळवून घ्या, आणि मूठ हाताला अडखळत नाही ना ते बघा. चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर नसेल तर घेऊ नका.

पायरी ७: सराव, घड्याळ लावून

ग्रिझली ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने धावतं. तीस मीटर अंतर म्हणजे दोन सेकंद. म्हणून आरामात उभं राहून पंचवीस मीटरवर गोल भोकं पाडण्याचा या कामी फारसा उपयोग नाही. सात मीटरवर जेवणाची कागदी प्लेट लावा. होल्स्टरमधून काढून दोन सेकंदांत पहिली गोळी प्लेटमध्ये, मग आणखी दोन. सुरुवातीला महिनाभर घरी रिकाम्या हत्याराने नुसतं काढायचं शिका, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. मग हातमोजे घालून करा. ऑक्टोबरात बोटं बधिर असतात, आणि जाड मोजा चापाच्या कडीत शिरतच नाही, हे रानात कळून उपयोग नाही.

पायरी ८: दुसऱ्या बाजूला स्प्रे

पिस्तूल घेतलं म्हणून अस्वलाचा स्प्रे (अस्वलाला थोपवणारा मिरचीच्या अर्काचा फवारा) घरी ठेवू नका. अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास आहेत. २००८ च्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलाला ९२ टक्के वेळा थोपवलं, आणि स्प्रे वापरणारी ९८ टक्के माणसं सुखरूप राहिली. २०१२ चा अभ्यास बंदुकांचा होता. त्यात हँडगनला ८४ टक्के वेळा आणि लांब नळीच्या बंदुकांना ७६ टक्के वेळा यश आलं. दोन्हींतले प्रसंग सारखे नव्हते, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून भांडू नये. मला यातून एवढंच कळतं की स्प्रेला मिलिमीटरचा नेम लागत नाही, ढग पुढ्यात पसरतो, आणि घाबरलेल्या हातालाही तो जमतो. जोराचा वारा समोरून असेल तर मात्र तो आपल्याच डोळ्यांत येतो. मी स्प्रे डाव्या कमरेला ठेवते, पिस्तूल छातीवर. स्प्रे विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, तो उतरल्यावर तिथेच विकत घ्यावा.

झाडावं लागलंच तर

आधी स्वतः सुरक्षित जागी जा आणि लगेच कळवा. अलास्काबाहेरच्या सलग ४८ राज्यांत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित यादीत आहे. जीव वाचवताना मारणं गुन्हा नाही, पण वन्यजीव अधिकाऱ्यांना पाच दिवसांच्या आत सांगावं लागतं, आणि जागा न हलवता दाखवावी लागते. अलास्कात लेखी अहवालाला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि अस्वल आपलं होत नाही. त्याचं कातडं नखांसकट सोलून, कवटीसह, राज्य सरकारच्या स्वाधीन करावं लागतं. तेव्हा सुरीला धार लावायची वस्तू एल्क संपला तरी सॅकमध्येच राहू द्या.