टर्मिनल बंद केलं की व्हेरिएबल गायब होतं?

उद्यमनगरातल्या एका ऑफिसात उबुंटूच्या मशीनवर पोरं रोज सकाळी जावा होम (जावा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारं व्हेरिएबल) सेट करणारी तीच एक्सपोर्ट ओळ टाइप करत होती. टर्मिनल बंद झालं की व्हेरिएबल जायचं. एकदाच लिहून ठेवा, कटकट मिटते.

१. होम फोल्डरमधल्या 'डॉट प्रोफाइल' फाइलची कॉपी काढा, मग मूळ फाइल नॅनो या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा.
२. फाइलच्या शेवटी एक्सपोर्टची ओळ लिहा. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस अजिबात नको.
३. लॉगआउट करून परत लॉगिन करा. नुसतं नवं टर्मिनल उघडून भागत नाही, ही फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते. घाई असेल तर 'सोर्स' कमांडने ही फाइल वाचायला लावून त्या टर्मिनलपुरतं काम भागवा.
४. 'प्रिंटएन्व्ह' आणि पुढे व्हेरिएबलचं नाव देऊन तपासा.

तरीही एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून रिमोट लॉगिन करून) आल्यावर दिसत नसेल, तर होममध्ये 'डॉट बॅश प्रोफाइल' किंवा 'डॉट बॅश लॉगिन' आहे का बघा. यातली एक जरी सापडली तरी बॅश (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) 'डॉट प्रोफाइल'कडे वळतच नाही. माझा अर्धा दिवस यातच गेला होता. मग ओळ सापडलेल्या फाइलमध्ये टाका. दोन्ही असतील तर बॅश प्रोफाइलमध्ये. एलियास (कमांडची छोटी टोपणनावं) मात्र 'डॉट बॅशआरसी'मध्येच बरे. क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) यातलं काहीच वाचत नाही, त्याचं व्हेरिएबल क्रॉनटॅबमध्ये (त्याच्या कामांच्या यादीत) वेगळं लिहा.

जपून: पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) बदलताना जुना पाथ तसाच ठेवून नवं फोल्डर त्याला जोडा. जुना पुसला गेला तर फाइली दाखवणारी साधी एलएस कमांडसुद्धा चालणार नाही.