घरच्या घरी निळी नखे: पहिल्यांदाच नक्षी करणाऱ्यांसाठी

गुलाबी किंवा बदामी नेलपॉलिश थोडे वेडेवाकडे लागले तरी ते त्वचेच्या रंगात मिसळून जाते आणि समोरच्याच्या लक्षातही येत नाही. निळ्या रंगाचे तसे नाही. नखाच्या कडेला केसभर रंग गेला किंवा एखादा थर जाड बसला, तर ते लगेच डोळ्यांत भरते. त्यामुळे अनेक जणी एकदा निळा रंग लावून पाहतात आणि पुन्हा गुलाबीकडे वळतात. तरीही नखांवर पहिल्यांदा नक्षी करणाऱ्यांनी निळ्यापासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. याचे कारण असे की गर्द निळा, आकाशी आणि पांढरा हे तीन रंग कोणत्याही क्रमाने एकमेकांशेजारी ठेवले तरी जुळतात. रंगसंगती चुकण्याची भीती राहत नाही आणि सगळे लक्ष हाताच्या सफाईकडे देता येते. पुढच्या सर्व नक्ष्या याच तीन बाटल्यांत होतात.

खरेदी

पुण्यात तुळशीबागेत किंवा फॅशन स्ट्रीटवर रंग निवडताना बाटली दुकानातल्या दिव्याखाली पाहून घेऊ नये, दाराशी येऊन उजेडात पाहावी. नेव्ही ब्लू म्हणून घेतलेला रंग दोन हात दिल्यावर नखावर जवळजवळ काळा दिसतो, म्हणून मनात जी छटा असेल तिच्यापेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी. निळ्यात लाल झाक आहे की हिरवी, हेसुद्धा उजेडातच कळते. शाईसारखा निळा आणि मोरपंखी हे दोन्ही सुंदर रंग आहेत, पण सुरुवातीला त्यांपैकी एकाच घराण्यातल्या छटा घेतल्या तर त्या एकमेकींत अधिक चांगल्या मिसळतात.

रंगांबरोबर बेस कोट (रंगाखाली लावायचा पारदर्शक थर) आणि टॉप कोट (रंगावर लावायचा पारदर्शक थर) घ्यावाच लागतो. निळ्याच्या बाबतीत बेस कोट ही चैन नाही. नख केराटिन या प्रथिनाचे बनलेले असते आणि गडद रंगद्रव्ये त्यात मुरतात. थेट लावलेला निळा रंग आठवड्याने काढला की खाली पिवळट-निळसर डाग उरतो, आणि तो घासून जात नाही. हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, त्यामुळे पूर्ण नखभर पसरलेला डाग वाढून जायला सहाएक महिने लागतात. बेस कोटचा एक पातळ थर हा सगळा त्रास वाचवतो.

बाकीचे साहित्य घरात असतेच: गोल डोक्याची टाचणी, टूथपिक, मेकअपचा स्पंज, चिकटपट्टी, कापूस, कानाच्या कापूसकाड्या, थोडे व्हॅसलीन आणि चित्रकलेच्या पेटीतला झिरो नंबरचा ब्रश. जेल नेलपॉलिश आणि ते वाळवणाऱ्या दिव्याचे संच आता सहज मिळतात, पण नवशिक्यांनी ते घरी वापरू नयेत असे माझे मत आहे. न वाळलेले जेल त्वचेला वारंवार लागले तर त्यातील ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की बहुधा कायमची राहते. कडेने रंग सांडणे ही तर शिकतानाची नेहमीची गोष्ट आहे.

नखे तयार करणे

जुने पॉलिश काढून नखे कापावीत आणि फाइल एकाच दिशेने चालवून त्यांना आकार द्यावा. मागेपुढे घासल्याने टोकांचे पापुद्रे सुटतात. सर्व नखांची लांबी सारखी असावी, कारण गडद रंगात लांबीतला फरक उठून दिसतो. नखे आखूड असली तरी काही बिघडत नाही. आखूड नखांवर गर्द निळा अधिक नीटनेटका दिसतो आणि पोळ्या लाटताना, संगणकावर काम करताना टिकतोही.

नखाच्या मुळाशी जी पातळ त्वचा असते ती कापू नये. ती जंतूंना अडवते, आणि ती कापल्यावर नखुरडे होण्याची शक्यता वाढते. आंघोळीनंतर मऊ असताना ती टॉवेलने हलकेच मागे सारावी, तेवढे पुरते. रंग मात्र आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच लावू नये. नख पाणी शोषून किंचित फुगते आणि सुकल्यावर पुन्हा आक्रसते. फुगलेल्या नखावर लावलेला रंग मग दुसऱ्याच दिवशी टोकाकडून उडू लागतो. मध्ये किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा.

शेवटी रिमूव्हरमध्ये जेमतेम भिजवलेला कापूस प्रत्येक नखावरून फिरवावा. केसांना तेल लावल्यावर किंवा फोडणीचे काम झाल्यावर नखांवर जो तेलकटपणा राहतो तो साबणाने पूर्ण जात नाही, आणि रंग न टिकण्याचे ते एक मोठे कारण असते. रिमूव्हर आणि नेलपॉलिश दोन्ही पटकन पेट घेतात. म्हणून हे काम स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा देवघरात निरांजन तेवत असताना करू नये. खिडकी उघडी असलेली खोली निवडावी.

पहिला हात, दुसरा हात

नक्षीचे यश खालच्या सपाट रंगावर ठरते, म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा नक्षी न करता नुसता एक रंग स्वच्छ लावायचा सराव करावा. बाटली जोरात हलवू नये, कारण त्यामुळे आत हवेचे बुडबुडे होतात आणि तेच नखावर उमटतात. बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून वात वळतात तशी फिरवावी. नखाभोवतीच्या त्वचेला कापूसकाडीने व्हॅसलीनचा पातळ थर लावावा, म्हणजे सांडलेला रंग तिथे चिकटत नाही. मात्र ते नखावर येता कामा नये.

बेस कोट वाळल्यावर ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाशी पुसून घ्यावी, म्हणजे दुसऱ्या बाजूला एकच थेंब उरतो. हा थेंब नखाच्या मधोमध, मुळापासून तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढे अंतर सोडून टेकवावा. ब्रश किंचित दाबला की त्याचे केस पंख्यासारखे पसरतात आणि रंग आपोआप मागे सरकून गोलाकार कड तयार करतो. या क्षणी घाई करू नये, रंगाला त्याची जागा घेऊ द्यावी. मग ब्रश सरळ टोकापर्यंत ओढावा आणि डावी-उजवी बाजू एकेका फटकाऱ्यात भरावी. शेवटी टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवावा. ही कड बंद केली नाही तर पाणी तिथूनच आत शिरते.

पहिला हात पट्टेरी आणि विरळ दिसतो. तो तसाच दिसायला हवा. तो लपवण्यासाठी जाड थर दिला तर वरचा पापुद्रा वाळतो आणि आतला रंग ओलाच राहतो. दोन-तीन मिनिटांनी दिलेला दुसरा पातळ हात सगळे झाकून टाकतो. उजव्या हाताच्या व्यक्तीला डाव्या हाताने रंगवणे अवघड जाते. त्यासाठी दोन्ही मनगटे टेबलावर टेकवावीत आणि ब्रश स्थिर ठेवून नखच ब्रशखालून हळूहळू फिरवावे.

पुण्याच्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी रंगातील द्रावक इतक्या लवकर उडून जातो की दुसरा फटकारा मारेपर्यंत पहिला ओढला जातो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळची वेळ बरी. पावसाळ्यात पॉलिश रेंगाळत वाळते, तेव्हा थरांमधील वेळ दुप्पट करावा. पंख्याच्या थेट झोताखाली बसू नये. बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवल्याने रंग वाळतो असे सांगितले जाते, पण थंडाव्याने वरचा भाग फक्त कडक भासतो, आतला द्रावक उडायला लागणारा वेळ लागतोच. तासाभरात रंग हाताला कोरडा लागतो, तरी पूर्ण घट्ट व्हायला रात्र जाते. म्हणून जेवणे आणि आवराआवर झाल्यावर रंगवायला बसावे आणि झोपण्यापूर्वी किमान दोन तास हातात ठेवावेत.

ठिपके

रांगोळीचे ठिपके ज्या हाताने पडतात त्या हाताला नखावरचे ठिपके नवीन नाहीत. गर्द निळ्याचे दोन हात वाळल्यावर जुन्या प्लॅस्टिकच्या झाकणावर पांढऱ्या रंगाचा एक थेंब घ्यावा. टाचणीचे गोल डोके त्यात बुडवून नखावर उभे टेकवावे आणि सरळ वर उचलावे. तिरके उचलल्यास ठिपक्याला शेपूट येते. प्रत्येक वेळी नव्याने बुडवले तर ठिपके एकसारखे येतात, आणि एकदा बुडवून ओळीने टेकवत गेले तर ते लहान लहान होत जातात. या दुसऱ्या पद्धतीने नखाच्या मुळापासून टोकाकडे उतरत्या ठिपक्यांची ओळ काढली, तर सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत देखणी नक्षी तयार होते.

ठिपका ओला असतानाच टूथपिकचे टोक त्याच्या मधून एकदाच ओढले की त्याचे पान किंवा बदामाचा आकार होतो. पाच लहान ठिपके गोलात आणि मध्ये एक आकाशी ठिपका ठेवला की फूल होते. मोरपिसाचा डोळाही ठिपक्यांतूनच येतो: आकाशी रंगाचा मोठा ठिपका, तो वाळल्यावर त्यात गर्द निळ्याचा मध्यम ठिपका, आणि त्याच्या खालच्या कडेला पांढऱ्याचा अगदी बारीक ठिपका. हे मोरपीस फक्त अनामिकेच्या नखावर काढावे आणि बाकीची नखे एकरंगी ठेवावीत. दहाही नखांवर काढले तर नक्षीची गर्दी होते.

गर्दपासून आकाशीपर्यंत

नवरात्रात निळ्या रंगाच्या दिवशी साडीबरोबर ही नक्षी फार शोभते. आधी संपूर्ण नखाला पांढऱ्याचा एक हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा, म्हणजे वरचे निळे उजळ दिसतात. स्पंजचा नखाएवढा तुकडा कापून तो पाण्याने ओला करावा आणि घट्ट पिळावा. कोरडा स्पंज सगळा रंग पिऊन टाकतो. त्यावर गर्द निळ्याचा आणि आकाशीचा पट्टा एकमेकांना चिकटून ओढावा आणि स्पंज नखावर हलकेच टिपत राहावा. टिपताना तो एक-दोन मिलिमीटर वर-खाली सरकवावा, कारण दोन रंगांमधली रेषा त्यानेच विरघळते. पहिल्या फेरीत नख खडबडीत आणि डागाळलेले दिसते. निराश न होता ते वाळू द्यावे आणि दुसरी, गरज पडल्यास तिसरी फेरी करावी. वर टॉप कोट बसला की तो खडबडीतपणा भरून निघतो आणि रंग खऱ्या अर्थाने एकमेकांत मिसळलेले दिसतात.

चिकटपट्टीची नक्षी त्यामानाने सोपी, पण संयमाची आहे. खालचा आकाशी रंग किमान तासभर, शक्य असल्यास रात्रभर वाळू द्यावा. पट्टी आधी तळहातावर दोनदा चिकटवून तिची चिकट कमी करावी आणि मगच नखावर तिरकी लावावी. उघड्या भागावर गर्द निळ्याचा एकच हात द्यावा आणि रंग ओला असतानाच पट्टी काढावी. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी रंग पूर्ण वाळेपर्यंत थांबले, आणि पट्टीबरोबर रंगाचा पापुद्राही उचलला जाऊन कड फाटली. ओल्या रंगातून पट्टी नखाला समांतर, सावकाश मागे ओढली की रेषा सुरीने कापल्यासारखी येते.

कडांची सफाई आणि हळद

नक्षी वाळल्यावर झिरो नंबरचा ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून टिपकागदावर टिपावा आणि नखाच्या कडेने एकदा फिरवावा. निळ्या नखांचा नीटनेटकेपणा निम्मा इथून येतो. ब्रशवर रिमूव्हर जास्त असेल तर निळा रंग पातळ होऊन त्वचेभर पसरतो, म्हणून ब्रश जेमतेम ओला असावा. ठिपक्यांवर टॉप कोट देण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि ब्रश नखाला न टेकवता थेंबावर तरंगत न्यावा, नाहीतर पांढरा रंग निळ्यात ओढला जातो.

आपल्याकडे आकाशी रंगाचा खरा शत्रू हळद आहे. एका गणपतीत मी टॉप कोट न देता आकाशी नखे रंगवली होती. दोन दिवस हाताने वरण-भात आणि मसालेभात जेवल्यावर त्या आकाशीवर हळदीचा पिवळा चढला आणि नखे शेवाळी दिसू लागली. तेव्हापासून फिक्या निळ्यावर टॉप कोट दिल्याशिवाय मी उठत नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा आणखी एक पातळ हात देते. गर्द निळ्यावर हळद दिसत नाही. सणाच्या स्वयंपाकाच्या दिवसांत तोच बरा.

रंग काढताना

निळे पॉलिश घासून काढू नये. नखाभोवती व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे, रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा आणि मुळाकडून टोकाकडे एकाच ओढीत पुसावा. प्रत्येक नखाला कापसाचा नवा बोळा घ्यावा. डाग उरलाच तर लिंबू किंवा टूथपेस्टने नख घासत बसू नये, कारण त्याने नख कोरडे पडते. त्यानंतर हात धुऊन नखांना तेल चोळावे आणि पुन्हा रंगवण्यापूर्वी चार-पाच दिवस मोकळे जाऊ द्यावेत.

घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा बोटाला ऑक्सिमीटर लावायचा असेल, तर निळा रंग आधी काढून टाकावा. हे यंत्र नखातून प्रकाश पाठवून रक्तातील ऑक्सिजन मोजते आणि निळ्या, काळ्या किंवा हिरव्या पॉलिशमुळे आकडा चुकू शकतो.

बाटलीचे तोंड रिमूव्हरच्या कापसाने पुसून झाकण घट्ट लावावे आणि ती उन्हापासून दूर, उभी ठेवावी. रंग दाट झाला तर त्यात रिमूव्हर घालू नये, त्याने रंगाची पकड जाते. नेलपॉलिशचा थिनर वेगळा मिळतो, त्याचे दोन-तीन थेंब घालून बाटली तळव्यांमध्ये फिरवली की रंग पुन्हा वाहता होतो.