भाषा व साक्षरता शिक्षणाच्या परिसंवादात संशोधन कसे मांडावे

परिसंवादात एका शोधनिबंधाला बहुधा १५ ते २० मिनिटे मिळतात आणि प्रश्नोत्तरेही त्यातच उरकायची असतात. म्हणून सर्वप्रथम, मांडायचा एकच मुख्य निष्कर्ष एका वाक्यात लिहून काढावा. उदाहरणार्थ, ‘ओघवते वाचणाऱ्या काही मुलांना उताऱ्याचा अर्थ सांगता आला नाही.’ असे वाक्य सुचत नसेल, तर स्लाइड बनवायला बसण्याआधी पुन्हा विश्लेषणाकडे वळावे.

पूर्वसंशोधनाचा आढावा एका मिनिटात आटोपावा. वाचनाचे संशोधक गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचन-आकलन हे शब्दवाचन आणि भाषेची समज यांच्या गुणाकारासारखे आहे, म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असेल तर आकलनही शून्य, असे मांडले. हे या क्षेत्रातल्या श्रोत्यांना ठाऊक असते, त्यामुळे आपला अभ्यास त्यांपैकी कोणत्या घटकाविषयी आहे, एवढेच सांगणे पुरेसे होते.

वाचलेला वेळ मुलांच्या प्रत्यक्ष नमुन्यांना द्यावा, कारण सादरीकरणाचा जीव तिथेच असतो. श्रुतलेखनात मुलाने ‘प्रकाश’ऐवजी ‘परकाश’ लिहिले असेल, तर चुकांच्या तक्त्यात ती केवळ एक चूक ठरते. मूळ हस्ताक्षर पडद्यावर दाखवले, तर प आणि र हे दोन्ही ध्वनी त्याने नेमके टिपले असून जोडाक्षराची रीत तेवढी हाती यायची आहे, हे श्रोत्यांना स्वतःच दिसते. असे दोन-तीन नमुने पुरेत, मात्र ते आपल्या म्हणण्याला सोयीचे तेवढेच निवडलेले नसावेत. निष्कर्षात न बसणारा एखादा नमुना आवर्जून दाखवावा. मुलाचे व शाळेचे नाव झाकावे. पालकांनी अभ्यासात सहभागाची संमती दिली म्हणजे मुलाचा आवाज सभागृहात ऐकवायची परवानगी मिळाली, असे होत नाही. ती वेगळी घ्यावी.

आकड्यांबाबत सावध राहावे. बारा मुलांच्या गटाविषयी टक्केवारी न देता ‘बारापैकी सात’ असे म्हणावे. मिनिटाला अचूक वाचलेल्या शब्दांची संख्या दोन भाषांमध्ये थेट ताडून पाहू नये, कारण शब्दांची लांबी आणि घडण भाषेगणिक बदलते. हा आक्षेप हमखास येतो.

त्यानंतर घड्याळ लावून, मोठ्याने सराव करावा. मनातल्या मनात वाचताना वेळेचा अंदाज नेहमीच चुकतो. स्लाइड पीडीएफ स्वरूपातही न्याव्यात, कारण परक्या संगणकावर योग्य फॉन्ट नसेल तर जोडाक्षरे फुटतात, आणि लेखनाविषयीच्या निबंधात ते फारच वाईट दिसते.

प्रश्नोत्तरांत ‘तुलनेसाठी दुसरा गट का नव्हता?’ किंवा ‘हा परिणाम पद्धतीचा की शिक्षकाचा?’ असे विचारले जातेच. अभ्यासाच्या रचनेतून उत्तर मिळत नसेल तर तसे सरळ सांगावे आणि ते कोणत्या माहितीवरून मिळू शकेल, तेही सांगावे. प्रश्नकर्त्यांची नावे व मुद्दे सत्र संपताच टिपून घ्यावेत, म्हणजे निबंध प्रकाशनासाठी पाठवताना त्यांचा विचार करता येतो.