दोन मिनिटांच्या फेरीआधी : जुन्या प्लेस्टेशनवर ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर २’ खेळायची तयारी

स्केटबोर्डवरच्या या गेममध्ये एक फेरी दोन मिनिटांची असते. घड्याळ सुरू झालं की अक्षरं गोळा करायची, गुण जमवायचे, लपवलेली टेप शोधायची, आणि मधेच चित्र गेलं किंवा खेळायच्या रिमोटचं (कंट्रोलरचं) बटण अडकलं तर ती फेरी वाया गेली. म्हणून माझा आग्रह असा की जी काही खटपट करायची ती खेळायला बसण्याच्या आदल्या दिवशी करावी. दिवाळीच्या सुट्टीत माझी दहा वर्षांची भाची येते आहे आणि तिला मी हा गेम शिकवायचं कबूल केलंय. त्यामुळे ही यादी मी सध्या स्वतःच एकेक करून पुरी करतोय. ज्यांच्या माळ्यावर असाच एखादा प्लेस्टेशन पडून असेल त्यांना ती उपयोगी पडावी.

यंत्र माळ्यावरून काढलं की लगेच प्लगला लावायचं नाही. आधी उलटं करून मागची पट्टी वाचायची. आमचा प्लेस्टेशन २ आत्याने न्यू जर्सीहून आणला होता, तो जुना जाड डब्यासारखा, आणि त्यावर १२० व्होल्ट असं स्वच्छ लिहिलं होतं. मी ते न वाचता सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये घातलं. आपल्याकडे २३० व्होल्ट. आतला पॉवर सप्लाय त्याच क्षणी गेला आणि तो बदलून मिळेपर्यंत कितीतरी महिने गेले. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. अमेरिकेतून आलेलं यंत्र असेल तर २३० चं ११०-१२० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच, शंभर वॉटचा पुरतो. नंतरच्या सडपातळ मॉडेलांपैकी बऱ्याच जणांना वेगळा अडॅप्टर असतो. त्याच्यावर ‘इनपुट’च्या पुढे काय लिहिलंय ते वाचायचं आणि त्याप्रमाणे ठरवायचं. अंदाजाने काहीही जोडायचं नाही.

दुसरी गोष्ट डिस्क आणि यंत्र एकाच प्रदेशातले आहेत का ही. अमेरिकेतलं यंत्र अमेरिकेतली डिस्क घेतं, युरोपातली घेत नाही, जोपर्यंत कुणी आत वेगळी चिप बसवलेली नसेल. शिवाय अमेरिकेतलं यंत्र एनटीएससी पद्धतीचं चित्र पाठवतं आणि आपले जुने टीव्ही पॅल पद्धतीचे. काही टीव्हींवर अशा वेळी चित्र काळंपांढरं दिसतं किंवा वर-खाली पळत राहतं. यंत्र बिघडलं असं समजून लोक ते दुरुस्तीला नेतात, तसं करू नका. टीव्हीच्या मेनूमध्ये रंगाची पद्धत ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी’ करून बघा. नंतरच्या काळातल्या डबा टीव्हींवर (मागे फुगीर, जुन्या पद्धतीच्या) ती सोय बहुतेक वेळा सापडते.

डबा टीव्ही घरात असेल आणि चालत असेल तर तोच लावा. हे मी जुन्याच्या प्रेमापोटी सांगत नाही. या गेममध्ये सगळा खेळ बटण कोणत्या क्षणी सोडलं यावर आहे, आणि डबा टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवतो. सपाट टीव्ही ते आधी आपल्या मापात बसवतो, सारखं करतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिराने बोट आणि पडदा यांचं जमत नाही, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच येत नाही. सपाट टीव्हीशिवाय पर्याय नसेल तर त्यातला ‘गेम मोड’ चालू करा, चित्र सुधारणाऱ्या बाकीच्या सगळ्या सोयी बंद करा. चित्राच्या पिवळ्या पिनेसाठी वेगळी जागा दिसत नसेल तर हिरव्या खाचेत लावून बघा, बऱ्याच टीव्हींत ती एकच जागा दोन्ही कामांना असते. लाल आणि पांढरी पीन आवाजाची. आवाज बंद ठेवून खेळू नका. चाकं जमिनीला टेकली, बोर्ड कठड्यावर बसला, हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं.

आता मेमरी कार्ड, आणि इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. हा गेम २००० साली पहिल्या प्लेस्टेशनसाठी आला. प्लेस्टेशन २ तो आनंदाने चालवतो, रिमोटही त्याचाच चालतो. पण खेळ साठवायची वेळ आली की त्याला पहिल्या प्लेस्टेशनचं करडं छोटं कार्डच लागतं. प्लेस्टेशन २ चं ८ एमबीचं काळं कार्ड खाचेत असलं तरी गेमला ते दिसत नाही. यंत्राच्या मेनूतून जुना खेळ त्या काळ्या कार्डावर उतरवून ठेवता येतो, पण तो फक्त ठेवण्यापुरता. खेळायचा असेल तेव्हा परत जुन्या कार्डावर आणावा लागतो. जुनं कार्ड १२८ किलोबाइटचं, त्यात १५ ब्लॉक. आपला खेळ, आपण बनवलेला स्केटर, आपण रचलेली पार्क, सगळं त्या पंधरांत बसवायचं असतं. म्हणून आधी कार्डात काय काय आहे ते बघून नको ते पुसा. दादाची पार्क आमच्या कार्डात अजून आहे, ती मी पुसणार नाही. दुसरं कार्ड घेतलं.

डिस्कची खालची बाजू काळी दिसली तर घाबरू नका, पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क तशाच असतात. मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो वाचणाऱ्या किरणाच्या वाटेने लांबपर्यंत जातो, आडवा पडला तर यंत्र त्यातून सावरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात डिस्कवर आणि आतल्या भिंगावर ओलसर थर धरतो. भिंगाला कापसाच्या काडीवर अगदी थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. जाड मॉडेलचं झाकण उघडावं लागतं, स्वतःला जमत नसेल तर माहीतगाराकडून करून घ्या. मागच्या पंख्याच्या जाळीतली धूळ मात्र घरीच रंगाच्या सुक्या ब्रशने काढता येते. ज्यांच्याकडे पहिलाच प्लेस्टेशन आहे आणि तो डिस्क वाचताना अडखळतो, त्यांनी तो उलटा ठेवून चालवून बघावा. सुरुवातीच्या मॉडेलांत भिंगाचा प्लॅस्टिकचा सांगाडा झिजून तिरका होतो, उलटं केल्यावर काही वेळा तो परत जागेवर येतो.

प्लेस्टेशन २ च्या मेनूत जुन्या डिस्कसाठी दोन निवडी असतात, डिस्कचा वेग आणि चित्राचा गुळगुळीतपणा. दोन्ही ‘स्टँडर्ड’वरच राहू द्या. वेग वाढवल्यावर काही गेम अडकतात.

रिमोट तपासताना चारही बाणांची बटणं एकेक करून दाबून बघा. या गेममध्ये मी गोल काडी वापरत नाही, बाणच वापरतो, कारण ‘मॅन्युअल’साठी, म्हणजे दोनच चाकांवर तोल सांभाळत जाण्यासाठी, वर आणि लगेच खाली असा तुटक इशारा द्यावा लागतो आणि तो काडीने नीट जात नाही. फुलीचं बटण सगळ्यात जास्त झिजतं. दाबून धरलं की स्केटर वाकून वेग घेतो, सोडलं की उडी मारतो. त्या बटणाखालचा रबर बसला असेल तर उडी उशिरा लागेल. चौकोन म्हणजे बोर्ड हवेत फिरवणं, गोल म्हणजे हाताने बोर्ड पकडणं, त्रिकोण म्हणजे कठड्यावर घसरणं. भाचीसाठी मी हे चार शब्द एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीच्या खाली चिकटवणार आहे. दोन रिमोट हवेतच, दोघांनी मिळून खेळायचे प्रकार हा या गेमचा अर्धा जीव आहे.

मग शिकवण्याची तयारी. गुणांचा हिशेब खेळण्याआधी सांगितला तर पोरं फार लवकर पुढे जातात. एका दमात केलेल्या सगळ्या करामतींच्या गुणांची बेरीज होते आणि करामती जितक्या, तितक्याने ती गुणली जाते. पाचशे, तीनशे आणि दोनशेच्या तीन गोष्टी जोडल्या तर हजार गुणिले तीन, म्हणजे तीन हजार. मधेच पडलात तर त्यातलं काही मिळत नाही. तीच ती करामत परत केली की तिची किंमत उतरत जाते. पहिल्या भागात जमिनीवर उतरलं की साखळी तुटायची. दुसऱ्या भागात मॅन्युअल आलं, म्हणजे दोनच चाकांवर तोल सांभाळत सपाट जमिनीवरून जाणं, आणि एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत साखळी न तुटता नेता येऊ लागली. माझ्या मते या एका भरीमुळे हा गेम पंचवीस वर्षांनंतरही शिकण्यासारखा राहिला आहे. म्हणून पहिल्या दिवशी मोठ्या उड्यांच्या मागे न लागता मॅन्युअल शिकवायचं.

सुरुवात ‘फ्री स्केट’मध्ये करायची, तिथे घड्याळ नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसतं फिरू द्यायचं, पडू द्यायचं. त्यानंतर ‘करिअर’मधला, म्हणजे उद्दिष्टं पुरी करत टप्प्याटप्प्याने खेळायच्या प्रकारातला, पहिला टप्पा, विमानांचं हँगर. तिथे दहा हजार, पंचवीस हजार आणि पंच्याहत्तर हजार अशी गुणांची तीन उद्दिष्टं आहेत. पहिल्या संध्याकाळी दहा हजार आणि एस-के-ए-टी-ई ही पाच अक्षरं एवढंच ठरवायचं. एका फेरीत सगळं करायला गेलं की काहीच होत नाही. मिळालेले पैसे नव्या बोर्डांवर घालवू नका, स्केटरची कौशल्यं वाढवण्यावर घाला, त्यातही मॅन्युअल आणि कठड्यावरचा तोल आधी.

स्केटर कोण निवडायचा ते भाचीवर सोडलंय, पण ओळख करून देईन. रॉडनी मलेनने सपाट जमिनीवरून हाताविना उडी मारायची रीत बसवली, आजचं रस्त्यावरचं स्केटिंग त्यावर उभं आहे. एलिसा स्टीमर ही या गेममधल्या खऱ्या स्केटरांच्या यादीतली एकटी स्त्री. आणि टोनी हॉकने २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत हवेत अडीच गिरक्यांची ‘९००’ पहिल्यांदा पुरी केली. त्या संध्याकाळी तो कितीदा तरी पडला, उठला, परत वर गेला. ती चित्रफीत मी फोनमध्ये घेऊन ठेवली आहे, खेळाच्या आधी दाखवायला. पाच मिनिटांत दहादा पडल्यावर रिमोट टाकून उठणाऱ्या पोरांना ती बघायला मिळावी असं मला मनापासून वाटतं.

पुढचा एक टप्पा मला फार जवळचा आहे, फिलाडेल्फिया. तिथला कारंज्याचा चौक खऱ्या ‘लव्ह पार्क’वरून घेतलेला आहे. शहराने २००२ मध्ये तिथलं स्केटिंग बंद पाडलं, तेव्हा नगररचनाकार एडमंड बेकन वयाच्या ९२ व्या वर्षी निषेध म्हणून तिथे स्केटबोर्डवर उभे राहिले होते. नंतर तो चौक पार बदलून टाकला गेला. जुन्या दगडी पायऱ्यांवरून आता फक्त गेममध्येच घसरत जाता येतं. तिथवर पोचायला भाचीला आठवडा लागेल, पण सुट्टी पंधरा दिवसांची आहे.

शेवटी आवरायचा क्रमही ठरवून ठेवा. मेनूत जाऊन खेळ कार्डावर साठवायचा, ‘साठवलं’ असं दिसेपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही. डिस्क काढून डबीत ठेवायची. पुढचं बटण, मग जाड मॉडेल असेल तर मागचा खटका, मग ट्रान्सफॉर्मर. रिमोटची वायर यंत्राभोवती गुंडाळायची नाही, सैल वेटोळं करून बाजूला ठेवायची. आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकायच्या. बुटांच्या खोक्यात मिळतात त्याच, फक्त लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा बेताने.