पावसाळ्याआधी ठासणीच्या बंदुकीची साफसफाई: आधी पाणी, मग तेल

पीक निघालं, राखण संपली की ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक कोपऱ्यात उभी राहते आणि पुढच्या हंगामात काढली की नळी आतून लाल. दमट हवेत हे हमखास होतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच, बार उडवल्यावर न धुता नुसतं तेल मारून ठेवलेली असते.

या बंदुकीत भरतात त्या काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक. जळल्यावर निम्म्याहून जास्त मालाचा वायू होत नाही, क्षार आणि काजळी होते, त्यातली काही धुरासोबत उडते आणि बाकीची नळीला चिकटते. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड खातात. ते पाण्यात लगेच विरघळतात पण तेलात नाही, म्हणून त्यावर तेल ओतलं की डांबरासारखा चिकट थर बसतो आणि त्याच्याखाली गंज निवांत चालू राहतो. बार उडवला त्याच दिवशी धुवा, उद्यावर ढकलू नका.

हात लावायच्या आधी बंदूक भरलेली नाही ना ते बघा. तोंड कुणाकडे नको, टोपी (दारू पेटवणारी छोटी धातूची वाटी) काढलेली हवी. गज (दारू ठासायची लांब काठी) नळीत तळापर्यंत सोडा, तोंडापाशी खडूने खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. टोक निपलच्या (टोपी बसते त्या भोकाच्या बोंडीच्या) जवळपास यायला हवं, दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार, म्हणजे भरलेली दारू, आहे असं धरा. मग गजाने खरवडत बसायचं नाही, सरळ जाणकाराला बोलवा. मागच्या वर्षीचाच बार आत राहिलाय असंही होतं बरं का.

आता धुणं. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर काम सोपं, निपल काढा, नळीचं बूड कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, गजाला ओली चिंधी गुंडाळून पंपासारखा वरखाली करा म्हणजे पाणी निपलच्या भोकातून आत-बाहेर होतं. सुरुवातीला पाणी काळंकुट्ट येईल आणि सडक्या अंड्याचा वास सुटेल, तो गंधकाचा, घाबरू नका. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब चालतात. काहीजण उकळतंच पाणी लागतं म्हणतात, मला ते पटत नाही, नळी फार तापली की पुसेपर्यंत तांबूस पापुद्रा धरतो. नळी सुटत नसेल तर भोकात लाकडाची काडी घट्ट बसवा, नळीत पाणी घेऊन तोंड अंगठ्याने दाबून हलवा आणि ओता, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत. फक्त घोड्याच्या (टोपीवर आपटणाऱ्या हातोडीच्या) यंत्रात आणि लाकडात पाणी मुरू देऊ नका. नळीच्या बुडाचा स्क्रू जोर लावून उघडायच्या फंदात पडू नका, आटे गेले की बंदूक गेली.

मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरीच्या पांढरी येईपर्यंत. निपल जुन्या टूथब्रशने घासा, भोकातून बारीक तार फिरवा. सगळं सुकलं की मगच हलकं मशीन ऑइल, पातळ हात. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं नको, दिवसांनी चिकट होतं. दस्त्याला जवसाचं तेल चोळलं की पुरे. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी फिरवा, तपकिरी डाग आला तर काहीतरी राहिलंय, पुन्हा धुवा.

ठेवताना तोंड खाली, म्हणजे जादा तेल यंत्रात आणि लाकडात उतरत नाही. चामड्याच्या किंवा गोणपाटाच्या खोळीत बंद करू नका, ओल धरते. तोंडात बोळाही कोंबायचा नाही. बंदूक रिकामी, कुलपात, दारू आणि टोप्या वेगळ्या, चुलीपासून आणि पोरांपासून लांब. आणि काडतुसातली बिनधुराची दारू या नळीत कधीच नाही, नळी फुटते.

पुढच्या हंगामात बार भरायच्या आधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून काढा, ओल्या तेलाने दारू पेटत नाही. घोडा अर्ध्यावर चढवून हलक्या हाताने दाबून बघा, घसरत असेल तर दुरुस्तीशिवाय वापरू नका. मग रिकाम्या बंदुकीवर फक्त टोपी लावून तोंड गवताच्या पात्याजवळ धरा आणि चाप ओढा. पातं हललं तर वाट मोकळी, नाही हललं तर निपल काढून परत तार फिरवा.