दुखतं एकीकडे, बिघाड दुसरीकडे: रोजच्या सवयींतल्या या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिल मशीन आणि पाच पोरं. या धंद्यातला सगळ्यात मोठा धडा मला पहिल्याच वर्षी मिळाला. एका लेथचं बेअरिंग दर महिन्याला जायचं. नवीन घातलं की आवाज बंद, तीन आठवड्यांनी परत घरघर सुरू. चौथ्यांदा बदलत होतो तेव्हा शेजारच्या शेडमधले म्हातारे मिस्त्री आले, बेल्टवर बोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "बेअरिंगला कशाला शिव्या घालतोस? बेल्ट किती ताणलाईस ते बघ की." बेल्ट थोडा सैल केला. ते बेअरिंग पुढं दोन वर्षं चाललं.

वयाच्या ४४ व्या वर्षी मला बीपी निघालं, तेव्हा मिस्त्रींचं ते बोट आठवलं. शरीराचंही तसंच असतं. पहाटे उठवत नाही, पण चूक पहाटेची नसते, आदल्या रात्री साडेदहाच्या जेवणाची असते. संध्याकाळी घरच्यांवर खेकसतो, पण त्याचं मूळ दुपारी न उघडलेल्या डब्यात असतं. आपण मात्र आवाज येतो तिथंच हातोडी मारत बसतो. गेल्या सात-आठ वर्षांत माझ्या घरात, वर्कशॉपमध्ये आणि रंकाळा तलावावर फिरायला येणाऱ्या मित्रमंडळीत ज्या चुका परत परत बघितल्या, त्या इथं लिहितोय.

बीपी: मोजण्यातच चूक

माझं बीपी पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी दोन जिने चढून गेलो होतो, खाली टपरीवर चहा झाला होता आणि कानाला फोन होता. गिऱ्हाईक पेमेंटवरून वाद घालत होतं. आकडा आला १६८/१०२. मी घाबरलो. डॉक्टरांनी फोन बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाले, "आता काही बोलू नका, पाच मिनिटं नुसते बसा."

तेव्हा कळलं की मोजायचीही एक रीत असते. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको. लघवी तुंबलेली नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, दंड छातीच्या उंचीला टेबलावर ठेवून बसायचं आणि मोजताना बोलायचं नाही. पट्टा शर्टाच्या बाहीवरून नाही, उघड्या दंडावर बांधायचा. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजायचं. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असं मोजून वहीत लिहिलं. माझी सरासरी १४८/९४ आली. घरी शांतपणे मोजून सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर येत असेल, तर ते वाढलेलंच धरतात. म्हणजे पहिला आकडा फुगलेला होता, पण दुखणं खरं होतं.

इथं दोन उलट चुका होतात. एक जण एकाच आकड्यानं हादरतो. दुसरा म्हणतो, "ते टेन्शननं वाढलंय, मला काय बीपी-बिपी नाही," आणि पाच वर्षं फिरकत नाही. बीपी दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच ते मूत्रपिंड, डोळे, मेंदू यांचं नुकसान गुपचूप करत राहतं. तिसरी चूक मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते: गोळी सुरू झाल्यावर आकडा १२६ आला की माणूस गोळी बंद करतो. अरे बाबा, तो आकडा गोळीनं आलाय! डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नका, कमी करू नका.

मिठाचंही असंच झालं. बीपी निघाल्यावर मी बाणेदारपणे जाहीर केलं की तांबडा-पांढरा बंद. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, रविवारच्या रश्शावर कशाला राग काढताय? रोजच्या ताटातलं लोणचं काढा आधी." तिनं बोट बरोबर बेल्टवर ठेवलं होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, तोही सगळ्या पदार्थांतला मिळून. आम्ही हिशोब मांडला तर रश्श्याचा नंबर बराच खाली लागला. सकाळच्या चहाबरोबर खारी, दुपारी खर्डा आणि लोणचं, पाचला फरसाण, रात्री पापड. हे रोजचं. लोणचं आणि फरसाण बंद केलं, पापड सणावारापुरता ठेवला. रविवारचा रस्सा अजून आहे, वाटी एकच.

तालीम सुटली, खुराक सुटला नाही

ही चूक खास आपल्या गावची, आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं आणि या शहराच्या अंगात कुस्ती भिनली. पेठापेठांत तालमी आहेत. माझ्या वयाच्या निम्म्या माणसांनी पोरवयात लाल माती अंगाला लावलीय. पण विशी-पंचविशीत नोकरी लागते, लग्न होतं, तालीम सुटते. दोन लिटर दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण यांची सवय मात्र राहते. पैलवान रोज हजारभर जोर-बैठका मारत होता तेव्हा ते अंगी लागत होतं. आता तोच माणूस दिवसभर दुकानाच्या गादीवर बसतो. मग पोट सुटतं, शुगर निघते, आणि तो म्हणतो, "मी तर पैलवान गडी, मला कशी शुगर?"

पुढं तो दुसरी चूक करतो. पंचेचाळिशीत एके दिवशी ईर्षेला पेटतो आणि पहिल्याच सकाळी शंभर बैठका मारतो. तिसऱ्या दिवशी गुडघा धरून घरी. वर्षभर परत नाव काढत नाही. पंधरा वर्षं बंद पडलेलं मशीन कुणी एकदम फुल्ल स्पीडला टाकतं का? आधी तेल-पाणी, मग हळू. मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं घाम येण्याजोगं चालावं, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम करावा, एवढंच मोजमाप आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बैठका मारायच्याच तर खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्या-बसण्यापासून सुरुवात करा. माजी पैलवानाला हे सांगायला मला जड जातं, पण त्याचा गुडघा मला महत्त्वाचा वाटतो.

रंकाळ्यावर चालणाऱ्यांची वेगळी गंमत असते. चार जण बोलत-बोलत रमतगमत फिरतात आणि रोज मिसळीच्या गाड्यावर सांगता होते. वर कट, चार स्लाईस, शेवटी गोड चहा. चालून जेवढं खर्च झालं त्याच्या वर पोटात गेलं. मिसळ सोडा असं कोल्हापुरात राहून मी म्हणणार नाही. आम्ही ती महिन्यातल्या पहिल्या रविवारवर नेली. बाकीच्या दिवशी चालण्याचा वेग असा ठेवतो की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. शुगरच्या माणसानं साखरेऐवजी गूळ घेणं ही फसगत आहे. आपला गूळ जगात भारी, पण तोही बहुतांशी साखरच आहे आणि रक्तातली साखर तो तशीच वाढवतो. कट्ट्यावर म्हशीची धार काढून लगेच दिलेलं दूध पिण्याची आपल्याकडं हौस आहे. त्या कच्च्या दुधातून माल्टा तापासारखे आजार येऊ शकतात, म्हणून लहान पोरं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांना तरी ते उकळूनच द्या. छातीत दाब येतोय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा भरून आलाय, अशा वेळी "ॲसिडिटी झाली" म्हणून सोडा पीत बसू नका. स्कूटरवर बसून स्वतः जाऊही नका. १०८ ला फोन करा.

आणि मिश्री. घराघरांत आई-आजी सकाळी मिश्री लावतात, "त्याशिवाय पोट साफ होत नाही" म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. पोट हलतं ते निकोटिनमुळं, आणि त्याच तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो. आईच्या बाबतीत आम्ही डबी हिसकावून घ्यायची चूक केली. तिनं दुसरी डबी पिठाच्या डब्यामागं ठेवली. नंतर समजलं की आधी पोटाची सोय लावायला हवी होती. उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात भाजी वाढवली, संडासाला रोज एकाच वेळी बसायचं ठरलं. दिवसाला चार वेळा लागणारी मिश्री पाच महिन्यांत बंद झाली.

चहा, डबा आणि झोप

वर्कशॉपमध्ये माझे दिवसाला सात चहा व्हायचे. डबा तीनला, नाहीतर चारला. सहा वाजता पोरांवर ओरडायचो, आठ वाजता घरी. मी स्वभावाला दोष देत होतो. प्रत्यक्षात सकाळी नऊनंतर पोटात चहा आणि बिस्किटाशिवाय काही गेलेलं नसायचं. आता एक वाजता मशीन बंद. सगळे एकत्र जेवतात. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नाही, कारण चहातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह अंगाला नीट लागत नाही. घरातल्या बायकांनी आणि वयात आलेल्या मुलींनी तर हे जरूर पाळावं.

शेवटचा चहा चार वाजता. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. रात्री आठला चहा प्यायचा आणि साडेअकराला छताकडं बघत "झोपच येत नाही" म्हणायचं, ही चूक मी दहा वर्षं केली. दुसरी चूक झोपायची वेळ ठरवण्याची. झोप हुकमावर येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा, आणि उठल्यावर दहा मिनिटं उजेडात उभे राहा. हळूहळू रात्रीची वेळ आपोआप जागेवर येते. शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांना हे तंतोतंत जमणार नाही. त्यांनी निदान सकाळी घरी आल्यावर खोली गच्च अंधारी करावी, आणि घरच्यांनी त्या झोपेला दुपारची डुलकी समजून उठवू नये.

एक सूचना सगळ्यांना लागू. एका वेळी एकच बदल करा आणि तीन आठवडे वहीत टीप ठेवा. चार पार्ट एकदम बदलले तर मशीन कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशानं बिघडलं तेही नाही. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसरा सलग चुकवू नका.

"काय होत नाही, घट्ट राहा"

माझी आत्या प्रयाग चिखलीची. २०१९ च्या महापुरात तिचं घर पाण्यात गेलं, २०२१ ला परत गेलं. दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तेव्हापासून जुलै लागला की ती आमच्याकडं राहायला येते. तीन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात अंधारात ती पाटावर बसलेली. हातात नातवाचा मोबाईल, तोंडावर त्याचा निळा उजेड. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"आत्या, झोपली नाहीस?"

"राजाराम बंधाऱ्याला पाणी किती झालंय तेवढं बघाय लागलोय रं."

"काय होत नाही. घट्ट राहा. झोप आता."

ती "बरं" म्हणाली आणि झोपायला गेली. मला वाटलं, मी धीर दिला. दुसऱ्या दिवसापासून ती मोबाईल पदराखाली धरून बघायला लागली. माझ्या त्या दोन शब्दांनी तिची भीती गेली नव्हती, फक्त ती मला सांगायची बंद झाली होती. मनाच्या बाबतीत आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. आपण चांगल्या मनानं समोरच्याचं तोंड बंद करतो.

पुढच्या वेळी मी नुसता शेजारी बसलो. "कशाची भीती वाटती?" एवढंच विचारलं. ती पाण्याबद्दल बोललीच नाही. बोलली दावणीच्या म्हशीबद्दल, जिला सोडून नावेत चढायला लागलं होतं. पाऊण तास बोलली. मी काही सुचवलं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं: पाण्याची पातळी दिवसातून दोनदा बघायची, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, आणि ती मी सांगायची. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोक्याची. ३९ व्हायच्या आत चिखलीच्या घरातली कागदपत्रं, औषधं आणि जनावरं हलवायची, ते काम कोण करणार हेही ठरलं. दर दहा मिनिटांनी आकडा बघितल्यानं पाणी उतरत नाही, धडधड वाढते. काय करायचं ते आधी ठरलेलं असलं की मनाला धरायला काहीतरी मिळतं.

तरीही झोप आणि भूक पंधरा दिवसांच्या वर उडालेली होती, म्हणून तिला सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात नेलं. नेताना नातेवाइकांत कुजबुज झाली. आम्ही ती होऊ दिली. कुणाला जायचा धीर नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. घरात कुणी जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलत असेल, तर पंधरा दिवस थांबू नका. त्याच दिवशी फोन करा आणि त्या माणसाला एकटं ठेवू नका.

गेल्या जुलैत आत्या आली तेव्हा मोबाईल तिनं स्वतःच फ्रिजवर ठेवला. संध्याकाळी सात वाजता ती मेथी निवडत होती. मी कामावरून येऊन हात-पाय धुतले.

"आज किती रं?"

"एकतीस फूट, आत्या."

"बरं," म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.